रिपोर्टमध्ये 'कदाचित' लिहिलंय?

रिपोर्ट दोनच प्रकारचे असतात असं आपण धरून चालतो. नॉर्मल आला की सुटलो, ॲबनॉर्मल आला की संपलं. शाळेपासूनची सवय आहे ना, पास किंवा नापास! पण बायकांच्या एका तपासणीत तिसराच निकाल फार वेळा येतो आणि त्याची तयारी कोणीच करून देत नाही. पॅप स्मिअरच्या कागदावर 'ॲस्कस' असं काहीतरी छापलेलं असतं. नाहीतर 'इन्फ्लमेटरी, रिपीट ॲडव्हाइज्ड'. नाहीतर 'अनसॅटिस्फॅक्टरी'. साध्या मराठीत सांगायचं तर लॅब म्हणतेय, काहीतरी वेगळं वाटतंय, पण नक्की सांगता येत नाही. थोडक्यात काय, तर 'कदाचित'.

हा कागद पर्समध्ये कोंबून नांदेडच्या डॉक्टर लेनमधून बाहेर पडलेली बाई पुढे दोनपैकी एक गोष्ट करते. मी हे आजूबाजूला इतक्यांदा बघितलंय की आता नवल वाटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे कागद कपाटात जातो. 'कॅन्सर नाही म्हणाले ना? मग बघू नंतर.' मग मार्च एंडिंग येतं, अप्रेझल येतं, नणंदेचं लग्न येतं, पोराची ॲडमिशन येते. 'नंतर' तेवढं येत नाही. दुसरी गोष्ट अगदी उलट टोकाची. घरातली मोठी मंडळी बसतात आणि कोणीतरी आपल्या मराठवाड्यातलं ते फेमस वाक्य टाकतं, 'कशाला ती कटकट? पिशवीच काढून टाका!'

दोस्तहो, आजच्या कॉलमचा फंडा एका ओळीचा आहे. कपाट आणि ऑपरेशन थिएटर या दोन्हींच्या मधे एक सरळ रस्ता आहे, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि त्या चढायला पुरेसा वेळही असतो. 'कदाचित' हा निकाल नाही. तो अर्धवट राहिलेला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मिळवता येतं.

आधी थोडा भूगोल

गर्भाशयमुख, म्हणजे आपल्या भाषेत पिशवीचं तोंड. इथे दोन वेगवेगळ्या पेशींचा सांधा असतो. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचं जाड अस्तर, आणि आतल्या नळीत उभट पेशींचं नाजूक अस्तर. दोन्ही जिथे भेटतात तिथे पेशी आयुष्यभर रूप बदलत असतात. नेमका हाच कोपरा एचपीव्ही या व्हायरसला आवडतो. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, पण त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन भाऊ जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जबाबदार आहेत. हे नातं शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं.

आता घाबरण्याआधी पुढचं वाक्य दोनदा वाचा. हा व्हायरस बहुतेक बायकांना कधी ना कधी भेटतो आणि बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच हाकलून देतं. थोड्याजणींमध्ये तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात. या बिघाडाला सीआयएन म्हणतात. एक नंबर म्हणजे सौम्य, तीन नंबर म्हणजे गंभीर. तीनसुद्धा अजून कॅन्सर नाही बरं का! तिथून कॅन्सरपर्यंत जायला सहसा वर्षानुवर्षं लागतात.

पण वर्षानुवर्षं म्हणजे कायमची सवलत नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात १९५० ते ७० च्या दशकांत सीआयएन-३ असलेल्या काही बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत बसण्याचा प्रकार घडला. पुढे त्यावर मोठी चौकशी झाली. त्या बायकांच्या नोंदी २००८ मध्ये पुन्हा तपासल्या तेव्हा कळलं, ज्यांचा बिघाड तसाच सोडून दिला होता त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. कपाटात ठेवलेल्या कागदाची किंमत ही अशी असते.

आपल्या शेजारची मोठी गोष्ट

तुम्हाला वाटेल, हे सगळं रिसर्च परदेशातलं. चूक! गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल जगाने ज्या अभ्यासातून धडा घेतला, त्यातला एक अगदी आपल्या अंगणात झाला.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. लातूरकरांनो, १९८२ पर्यंत तुम्हीही याच जिल्ह्यात होता! बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. बार्शी म्हणजे लातूर-मुंबई गाडी रात्री जिथे थांबते तेच. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघणं, आणि चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. नमुने घेतले ते ट्रेनिंग दिलेल्या नर्सताईंनी. सगळ्या बायकांची तपासणी एकदाच.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि २००९ मध्ये तो अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ बायकांच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही टेस्टच्या गटात बायका जास्त, ३४ हजार १२६, आणि मृत्यू ३४. जवळपास निम्मे! पॅप आणि व्हीआयएच्या गटांत एका फेरीने अशी ठोस घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही यावर नंतर जगभर वाद झाला, आणि माझ्या मते तो वाद व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी आपल्याच भागातल्या होत्या, हे आकडे वाचताना विसरू नये.

आपल्या विषयासाठी मात्र त्यातली दुसरी एक ओळ सोन्याची आहे. ज्यांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह होती, त्यांच्या तुलनेत पॅप किंवा व्हीआयए 'नॉर्मल' आलेल्या बायकांमध्ये पुढच्या आठ वर्षांत कॅन्सरचं प्रमाण चार पटींहून जास्त निघालं. म्हणजे दोन 'नॉर्मल' सारखे नसतात. एक पक्का असतो, दुसरा जरा कच्चा. कारण सोपं आहे. पॅप माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. नमुना नीट आला का, स्लाइड नीट रंगली का, दिवसभराच्या थकव्यानंतर मायक्रोस्कोपवरच्या माणसाला ती चार पेशींची गडबड दिसली का! एचपीव्ही टेस्ट पेशीचा चेहरा बघत नाही. ती व्हायरसचा डीएनए शोधते.

याचा अर्थ बाकीच्या तपासण्या फालतू असा काढू नका हं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांचा दुसरा अभ्यास केला. तिथे व्हीआयए दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत झाली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकदाच केलेली साधी तपासणी चुकू शकते. तीच चिकाटीने पुन्हा पुन्हा केली तर कामाला येते.

'कदाचित'चे तीन चेहरे

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे येऊ.

पहिला चेहरा: नमुना अपुरा. पेशी कमी आल्या, रक्त मिसळलं, किंवा काही दिसलंच नाही. हा निकाल नाहीच. परीक्षा झालीच नाही असं समजा आणि साधारण दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्या. या वेळी तयारीने जा. पाळी चालू नसताना, आणि आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीत घालायच्या गोळ्या-क्रीम, आतून धुणं, सगळं बंद.

दुसरा चेहरा: इन्फ्लमेशन, म्हणजे दाह. आपल्याकडे हा रिपोर्ट फार कॉमन. नुसता दाह म्हणजे कॅन्सरपूर्व बदल नव्हे. बऱ्याचदा इन्फेक्शन असतं, कधी काहीच कारण सापडत नाही. इन्फेक्शन असेल तर ते बरं करायचं, आणि डॉक्टरांनी रिपीट सांगितलं असेल तर रिपीट करायचं. इथे घोळ असा होतो की गोळ्यांनी अंगावरून जाणं थांबतं, बरं वाटतं आणि रिपीट राहून जातं. बरं वाटणं आणि पेशी बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशींमधला बिघाड दुखत नाही, खाजत नाही, काहीच करत नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

तिसरा चेहरा: ॲस्कस. नाव ऐकूनच धडकी भरते, पण अर्थ इतकाच की चपट्या पेशी जरा वेगळ्या दिसताहेत आणि त्या का, ते ठरवता येत नाही. अशा रिपोर्टनंतर अचूक विचारायचा प्रश्न एकच, 'डॉक्टर, एचपीव्ही टेस्ट करायची का?' अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला आणि २००१ मध्ये निकाल आला. ॲस्कस आलेल्या बायकांची एचपीव्ही टेस्ट केली तर जवळपास निम्म्याजणींना पुढची दुर्बिणीची तपासणी लागत नाही, आणि तरी गंभीर बदल क्वचितच निसटतात. निगेटिव्ह आली तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा भेटू. पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी. वय २५ च्या आत असेल तर बहुतेक वेळा थोडं थांबून पुन्हा पॅप करतात, कारण त्या वयात व्हायरस येतो-जातो. आणि तुमचा पॅप लिक्विडच्या बाटलीत घेतला असेल तर बहुतेक वेळा त्याच नमुन्यातून एचपीव्ही टेस्ट होऊ शकते. पुन्हा टेबलवर झोपायची गरज नाही. लॅबला लगेच विचारा, बाटली कायम ठेवत नाहीत.

ॲस्कसचा एक खडूस चुलतभाऊ आहे, नावापुढे 'एच' लागलेला. एएससी-एच. तो आला तर एचपीव्हीची वाट बघत बसायचं नाही, थेट कोल्पोस्कोपी.

आणि बाय द वे, एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून घरात महाभारत सुरू करू नका. हा व्हायरस शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोणतीही टेस्ट सांगत नाही. नवऱ्यावर नाही, बायकोवर नाही, कोणावरच संशय घेण्याचा तो पुरावा नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी बायका टेस्टच टाळतात.

दुर्बिणीलाही दिसलं नाही तर?

कोल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नाही. कोल्पोस्कोप ही एक मोठं करून दाखवणारी दुर्बीण. ती १९२५ मध्ये जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी बनवली. दुर्बीण बाहेरच राहते, डॉक्टर त्यातून फक्त बघतात. आधी ॲसिटिक ॲसिड लावतात, बिघडलेला भाग पांढरा होतो. मग आयोडिन. निरोगी पेशी तपकिरी होतात, संशयित भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. जिथे शंका तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवतात. चिमटा बसतो, पण सहसा भूल लागत नाही. एकापेक्षा जास्त तुकडे घेतले म्हणून घाबरू नका. एकाच तुकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा दोन-चार ठिकाणचे घेतले तर निसटण्याची शक्यता कमी होते.

पण इथेही 'कदाचित' येऊ शकतो. मघाशी तो पेशींचा सांधा सांगितला ना, तो प्रत्येकीत दिसतोच असं नाही. पाळी जायच्या वयात तो हळूहळू आतल्या नळीत सरकतो. दुर्बिणीला नळीच्या आतलं दिसत नाही. डॉक्टर याला 'टाइप थ्री' म्हणतात. तुमच्या-माझ्यापेक्षा आपल्या आया आणि मावश्यांच्या बाबतीत हे जास्त होतं. म्हणूनच पन्नाशीनंतर व्हीआयएचा फारसा उपयोग होत नाही. बघायची जागाच दिसत नाही, तर डाग कुठून दिसणार?

अशा वेळी 'काही दिसलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नाही. डॉक्टरांकडे पुढचे उपाय असतात. नळीच्या आतून बारीक ब्रशने किंवा खरवडून नमुना घेता येतो. फक्त बाई प्रेग्नंट असेल तर खरवडत नाहीत. पाळी गेलेल्या बाईला काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन मग पुन्हा पॅप किंवा कोल्पोस्कोपी केली तर अस्तर सुधारतं आणि चित्र बऱ्याचदा स्पष्ट होतं. आणि संशय तगडा असेल तर 'लीप' करतात. एका बारीक तारेच्या फाशाने पिशवीच्या तोंडाचा छोटा भाग काढतात. तोच तपासणीला जातो आणि बऱ्याचदा तोच उपचारही ठरतो. जागेवरच भूल आणि त्याच दिवशी घरी.

कधीकधी दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडतात. पॅप म्हणतो गंभीर, बायॉप्सी म्हणते काही नाही. साहजिकच आपल्याला गोड बोलणारा रिपोर्ट आवडतो! पण नियम असा, की भांडण मिटेपर्यंत फाइल बंद करायची नाही. पॅपची स्लाइड, बायॉप्सीचा ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. त्या मेणाच्या ब्लॉकवर 'पी-१६' नावाची खास टेस्ट करून घेता येते. बायॉप्सी एक आणि तीनच्या मधे अडकली असेल तेव्हा तिचा उपयोग होतो. स्लाइड आणि ब्लॉक मागायला लाजू नका. सेकंड ओपिनियन म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि एक गोष्ट सगळ्या रिपोर्टच्या वर. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, किंवा डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी गाठ-जखम दिसणं. असं काही असेल तर पॅप नॉर्मल आला तरी थांबायचं नाही. पॅप हा लक्षणं नसलेल्या बाईला गाळून बघण्यासाठी आहे. लक्षणं असलेल्या बाईचा फैसला तो देऊ शकत नाही.

'पिशवीच काढून टाका'

आता त्या फेमस वाक्याकडे. आपल्या भागात हे वाक्य किती सहज बोललं जातं हे २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यात कामाचे खाडे, पाळीचा त्रास, गरिबी, अशी बरीच कारणं गुंतलेली होती. पण कॅन्सरची भीती दाखवून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारीही त्या वेळी पुढे आल्या.

शहरात एसीत बसणाऱ्या आपल्याला वाटतं, हे आपलं नाही. पण नुसत्या दाहावर किंवा ॲस्कसवर पिशवी काढणं हे शहरातही तितकंच चुकीचं. सौम्य बिघाड, म्हणजे एक नंबरचा, बहुतेक वेळा लक्ष ठेवून सोडतात, तो आपोआप जातो. दोन नंबरच्या बदलांपैकीही जवळपास निम्मे दोन वर्षांत मागे फिरतात. ज्यांना पुढे मूल हवंय अशा तरुण मुलींमध्ये डॉक्टर म्हणून थांबायचाही विचार करतात, कारण लीपनंतर बाळ लवकर जन्मण्याची शक्यता किंचित वाढते. तीन नंबरवर उपचार हवेतच, पण तोही बहुतेक वेळा लीपसारख्या छोट्या प्रोसीजरने होतो.

उलट बाजूचा धोका कमी लोकांना माहीत असतो. समजा 'कदाचित'च्या मागे खरोखर कॅन्सर लपलाय आणि तो न शोधताच साधं पिशवीचं ऑपरेशन उरकलं. मग काम अर्धवट राहतं, कारण कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं, मोठं असतं, आणि बऱ्याचदा त्याऐवजी रेडिएशनच द्यावं लागतं. म्हणजे बदल साधे असतील तर ऑपरेशन फुकट गेलं, आणि कॅन्सर असेल तर ऑपरेशन चुकलं. दोन्हीकडून तोटाच! म्हणून कोणीही पिशवी काढायचं बोललं की पहिला प्रश्न, 'बायॉप्सीत नक्की काय आलंय?'

आपण काय करायचं?

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी जातात, हा २०२२ चा अंदाज आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी एकदा तरी ही तपासणी केलेल्या किती? दोन टक्क्यांहून कमी! म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना 'कदाचित' म्हणणारंसुद्धा कोणी भेटलेलं नाही.

तिशीच्या पुढे असाल तर एचपीव्ही टेस्टचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच पहिली टेस्ट म्हणून सुचवली आहे, तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा. तिशीच्या आत असाल तर बरेच डॉक्टर पॅपच सुचवतात. लग्न झालंय की नाही हा प्रश्न इथे गौण आहे. शरीरसंबंध आलाय का, हा खरा प्रश्न, आणि तो डॉक्टरांना न लाजता सांगायचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते. धाकट्या बहिणीला, भाचीला जरूर द्या. तुम्ही घेतली असली तरी तपासणी टळत नाही.

ॲस्कसपुढच्या पायऱ्यांसाठी थेट पुण्या-मुंबईला धावायची गरज नसते. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचं आहे, आणि मोठं काही निघालंच तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, बार्शीला तेच नर्गिस दत्त हॉस्पिटल. निघण्याआधी फोन करून कोल्पोस्कोपी कोणत्या वारी असते ते विचारा, एक सुट्टी वाचेल.

मोबाइलमध्ये सेव्ह करा: डॉक्टरांना विचारायचे सहा प्रश्न

१. नमुना पुरेसा होता का?
२. याच नमुन्यातून एचपीव्ही टेस्ट होईल का?
३. कोल्पोस्कोपीत पेशींचा सांधा पूर्ण दिसला का? नसेल तर नळीच्या आतला नमुना घेतला का?
४. पॅप, कोल्पोस्कोपी आणि बायॉप्सी, तिन्ही एकच गोष्ट सांगताहेत का?
५. ऑपरेशन सुचवताय ते बायॉप्सीतल्या कोणत्या निकालावरून?
६. पुढची तपासणी नक्की कोणत्या महिन्यात?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिथेच, डॉक्टरांच्या समोर, फोनमध्ये रिमाइंडर लावा. आपण ईएमआयची तारीख विसरत नाही, रिचार्जची विसरत नाही, बॉसच्या बर्थडेचीही विसरत नाही. ही एक त्या यादीत घाला. आणि एक रिमाइंडर आईच्या नावाने. तिच्या कपाटात साड्यांच्या खाली असा एखादा जुना कागद असेलच, ती स्वतःहून सांगणार नाही. या रविवारी विचारा.